बॉल पायथनची अंडी, पिल्लं आणि पहिल्यांदाच ब्रीडिंग करणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात सापांवरचे प्रश्न भरपूर आलेत आणि त्यातले बहुतेक बॉल पायथनबद्दलचे आहेत. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांचे जास्त, कारण तिकडे हा पाळीव साप म्हणून अगदी कॉमन आहे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, घाना, टोगो, बेनिन इथून वर्षानुवर्षं जगभर पाठवला गेलेला, स्वभावाने भित्रा आणि शांत. आपल्याकडचा अजगर वेगळा आणि त्याचे नियमही पूर्ण वेगळे, त्याबद्दलचा एक प्रश्न शेवटी घेतलाय.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही डॅलसला असतो. आमच्या बॉल पायथनच्या मादीला या सीझनला मित्राच्या नराबरोबर ठेवलं होतं आणि काल सकाळी टब उघडला तर ती अंड्यांना वेटोळं घालून बसलेली. सहा आहेत, त्यातलं एक पिवळट आणि बारकं आहे. सगळी एकमेकांना चिकटलीयेत. जुन्या वाइन कूलरला हीट टेप आणि थर्मोस्टॅट लावून इन्क्युबेटर केलाय. अंडी सुटी करू का? कोंबडीची फिरवतात तशी फिरवायची का? टेम्परेचर किती ठेवू? आणि पिल्लं निघाली की पहिल्या दिवशी खायला काय द्यायचं? सगळं पहिल्यांदाच करतोय.

उत्तर: आधी अभिनंदन! आणि पहिली गोष्ट, अंडी सुटी करायची नाहीत. घातल्यावर काही तासांत ती एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मग ओढायला गेलं की कवच फाटतं, हे कवच चामड्यासारखं मऊ असतं, कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नाही. अख्खा गठ्ठा तसाच उचलायचा आणि तसाच ठेवायचा. फिरवायची तर अजिबात नाहीत. पक्ष्याच्या अंड्यात बलक लटकता ठेवणाऱ्या दोऱ्या असतात म्हणून ती फिरवलेली चालतात, सापाच्या अंड्यात तसं काही नसतं, गर्भ वरच्या बाजूला कवचाला लागून स्थिर होतो आणि नंतर अंडं उलटं झालं की तो बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून उचलायच्या आधी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलने छोटी खूण करा, म्हणजे चुकून कलंडलं तरी वरची बाजू कुठली ते कळेल.

मादीला बाजूला करताना घाई नको. ती चावायला येईलच असं नाही, पण वेटोळं सोडणार नाही. टॉवेल टाकून डोकं झाका आणि शेपटीकडून हळूहळू एकेक वेढा सोडवा, दोघं असलात तर सोपं जाईल.

आता ते पिवळट बारकं अंडं. ते बहुतेक स्लग आहे, म्हणजे फळलेलं नाही. खात्री करायची तर खोलीत अंधार करा आणि बारीक टॉर्च अंड्याला अगदी टेकवून धरा, फळलेल्या अंड्यात आत गुलाबीसर उजेड दिसतो आणि त्यात लाल बारीक शिरांचं जाळं, स्लगमध्ये नुसता पिवळा उजेड, शिरा नाहीत. सहज निघत असेल तर काढून टाका, चिकटलेलं असेल तर राहू दे. त्याला बुरशी येईल, ते काळं पडेल, वास येईल, पण शेजारच्या जिवंत अंड्याला त्याने बहुतेक वेळा काही होत नाही. बुरशी शेजारी सरकतेय असं वाटलं तर कोरड्या कापसाने पुसून घ्यायची, एवढंच. आणि शंका असली तर कुठलंच अंडं फेकू नका, वास आल्याशिवाय आणि खचल्याशिवाय अंडं मेलं असं धरायचं नाही.

टेम्परेचर ८८ ते ८९ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३१ ते ३२ सेल्सियस. हे आकडे अंड्यांजवळचे हवेत, कूलरच्या भिंतीजवळचे नाहीत, तर थर्मोस्टॅटचा प्रोब त्याप्रमाणे लावा आणि अंड्यांच्या डब्यातच दुसरा एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा, कारण एका उपकरणावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. थोडं कमी झालं, समजा रात्री लाइट गेली आणि दोन-चार तास ८० ला आलं, तर बहुतेक काही बिघडत नाही, फक्त पिल्लं एखाद-दोन दिवस उशिरा निघतील. जास्त झालेलं मात्र चालत नाही. ९३-९४ च्या वर गेलं की पाठीचा कणा वाकडा असलेली पिल्लं निघतात नाहीतर अंड्यातच मरतात. टेक्सासचा उन्हाळा बघता कूलर गॅरेजमध्ये ठेवू नका, घरात एसी चालू असतो त्या खोलीत ठेवा. थर्मोस्टॅट जे करतो ते फक्त गरम करायचं काम, बाहेरच खोली ९५ झाली तर तो बिचारा काय करणार.

ह्युमिडिटी ९० टक्क्यांच्या वर लागते आणि ती मिळवायच्या दोन पद्धती आहेत. एक, डब्यात व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट (कुंडीच्या मातीत मिसळतात ते, नर्सरीत मिळतं) ओलसर करून त्यावर अंडी ठेवायची, मूठभर घेऊन जोरात दाबलं की जेमतेम थेंब यावा इतकंच ओलं, पाणी टपकायला लागलं तर जास्त झालं. दुसरी, जी मी नव्या माणसाला सुचवते, डब्याच्या तळाशी इंचभर पाणी, त्याच्या वर प्लास्टिकची जाळी आणि जाळीवर अंडी. ट्यूबलाइटच्या कव्हरची चौकोनी जाळी असते ना, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती कापून घ्या. अंड्यांना पाणी टेकता कामा नये, आणि झाकणावर साठलेले थेंब अंड्यावर पडू नयेत म्हणून डबा किंचित तिरका ठेवा. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलायची, शेवटच्या दोन आठवड्यांत दोन-तीनदा, कारण तेव्हा आतली पिल्लं मोठी झालेली असतात आणि त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. याच्यापलीकडे उघडून बघायचं नाही, हे सगळ्यात अवघड जातं लोकांना, विशेषतः घरात लहान मुलं असली की रोज बघूया बघूया चालू असतं. त्यापेक्षा काचेचं झाकण करा, बाहेरून दिसेल.

या टेम्परेचरला साधारण ५५ ते ६० दिवस लागतात. पहिल्या महिन्यातच अंडी चेपलेली दिसली तर कोरडं पडतंय असं समजा आणि ओलावा वाढवा. शेवटच्या दोन आठवड्यांत चेपली, सुरकुतली तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे, तेव्हा पाणी ओतायला जाऊ नका.

मग एक दिवस एका अंड्यावर ब्लेडने मारल्यासारखी बारीक चीर दिसेल आणि कडेने थोडा चिकट द्राव. पिल्लाच्या वरच्या ओठाच्या टोकाला एक इवलासा दात असतो, फक्त कवच फाडण्यापुरता, नंतर गळून पडतो. चिरेतून नाकपुड्या दिसतात, मग डोकं, आणि तुम्ही जवळ गेलात की सर्रकन परत आत. पूर्ण बाहेर यायला चोवीस तास, कधी दोन दिवस लागतात, आणि या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. इथे ओढून बाहेर काढलं तर नाळ तुटते, रक्त जातं, बलक बाहेर राहतो. कृपा करून ओढू नका.

अंडी कापण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण व्हिडिओत बघितलं असेलच, बरेच मोठे ब्रीडर पंचावन्नाव्या दिवसाच्या आसपास कात्रीने खिडकी करतात, रंग बघायची घाई असते म्हणून किंवा एखादं पिल्लू कवच फाडू शकत नाही म्हणून. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या क्लचला, म्हणजे एका वेळी घातलेल्या अंड्यांना, कापू नका. फार तर बाकीची सगळी पिल्लं चीर पाडून दोन दिवस झाले आणि एकच अंडं गप्प आहे, अशा वेळी वरच्या बाजूला शीर नाही हे टॉर्चने बघून नखाएवढी खिडकी करा आणि परत झाकण लावून बाजूला व्हा.

बाहेर आलेल्या पिल्लाचं वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम भरतं. प्रत्येकाला वेगळा छोटा टब, बुटाच्या बॉक्सएवढा पुरतो, त्यात ओलसर पेपर टॉवेल, छोटं जड पाण्याचं भांडं आणि अंगाला सगळीकडून टेकेल असं लपायला काहीतरी. एक बाजू ८८ ते ९० फॅरनहाइट, दुसरी ७८ ते ८०. मोठा सुंदर टॅंक देऊ नका, मोकळ्या जागेत ही पिल्लं घाबरतात आणि खात नाहीत. एखाद्याच्या पोटाला बलकाचा गोळा लटकलेला राहिला तर त्याला ओल्या टॉवेलवर एकटं इन्क्युबेटरमध्येच ठेवा, नाळ कापू नका, दोन-तीन दिवसांत वाळून आपोआप सुटते.

आणि पहिल्या दिवशी खायला काय, तर काहीही नाही. पोटात बलक असतो, त्यावर ते आरामात जगतं. सात ते चौदा दिवसांत डोळे निळसर धूसर होतात, परत स्वच्छ होतात आणि मग पहिली कात टाकतं. कात एका तुकड्यात आली का बघा, डोळ्यावरचा पापुद्रा आणि शेपटीचं टोक नीट निघालं का ते बघा, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी पहिलं खाणं, आठ-दहा ग्रॅमचा छोटा उंदीर (माउस) किंवा तेवढंच मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू, रॅट पप म्हणून मिळतं ते. तोपर्यंत हाताळू नका, आणि तीन वेळा खाईपर्यंतही शक्यतो नकोच. प्रत्येक टबवर चिठ्ठी लावा, जन्मतारीख, वजन, कात, खाल्लं की नाही. पुढे पिल्लू कोणाला द्यायचं झालं तर समोरचा हेच विचारणार, आणि सलग चार-पाच वेळा खाल्ल्याशिवाय देऊही नका.

प्रश्न: मादीला अंड्यांवरून काढल्यापासून ती रिकाम्या जागीच वेटोळं घालून बसते, खात नाही, बारीक दिसतेय. मी टोरांटोला आहे. आजारी आहे का?

उत्तर: आजारी नसावी. तिला अजून अंड्यांचा वास येतोय. टब पूर्ण रिकामा करून धुवा, सगळं बेडिंग बदला, आणि तिलाही कोमट पाण्यात हलकेच धुऊन घ्या, बऱ्याचदा एवढ्यानेच ती आठवड्याभरात शिकार घेते. गाभण काळात बऱ्याच माद्या महिनोन्महिने खात नाहीत आणि अंडी घातल्यावर वजन बरंच उतरलेलं असतं, तर सुरुवातीला नेहमीपेक्षा लहान शिकार द्या, मग वाढवा. तोंडातून फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, पोटात अजून गाठ लागणं यातलं काही असेल तर मात्र थांबू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, अडकलेलं अंडं जीव घेऊ शकतं. आणि जुनं वजन भरून आलं नसेल तर पुढच्या वर्षी तिला नराजवळ ठेवू नका. दरवर्षी अंडी घ्यायलाच हवीत असा काही नियम नाही.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. पाच पिल्लांपैकी तीन व्यवस्थित खातात, दोन महिना होत आला तरी तोंड लावत नाहीत. इथे जिवंत उंदीर देत नाहीत, मी फ्रोझनच देतो. जबरदस्तीने भरवू का?

उत्तर: लगेच नको. बॉल पायथनची पिल्लं खाण्याच्या बाबतीत हट्टी म्हणून प्रसिद्ध आहेत आणि महिनाभर उपास हे त्यांच्यासाठी फार नाही. दर आठवड्याला वजन करा, थोडंफार उतरणं ठीक आहे, झपाट्याने उतरत असेल आणि पाठीचा कणा वर दिसायला लागला तर चिंता करा.

आधी टब तपासा. गरम बाजू खरंच ३१-३२ सेल्सियस आहे का, लपायची जागा घट्ट आहे का, टब पारदर्शक असेल तर बाजूने कागद लावा. मग शिकार तपासा, माझ्या अनुभवात फ्रोझनच्या निम्म्या तक्रारी इथेच असतात, उंदीर वितळलेला असतो पण गरम नसतो. फ्रिजमध्ये रात्रभर वितळवा, मायक्रोवेव्ह अजिबात नको, आतून शिजतो आणि फुटतो. द्यायच्या आधी पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा, डोकं ३८ ते ४० सेल्सियसपर्यंत गरम झालं पाहिजे, कारण या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात आणि त्याला शिकार अंधारात त्या उष्णतेनेच कळते. अंग कोरडं करा, लांब चिमट्याने धरा, रात्री दिवे बंद करून द्या. घेतलं नाही तर लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून झोपायला जा, सकाळपर्यंत नाही खाल्लं तर फेकून द्या आणि पाच-सहा दिवस परत विचारू नका. रोज रोज समोर नाचवलं की ती अजूनच बिथरतात.

रॅट पप देत असाल तर छोट्या उंदराचं (माउसचं) पिल्लू देऊन बघा. जर्बिल (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) पाळणाऱ्या कोणाकडून वापरलेलं बेडिंग मूठभर मिळालं तर शिकार त्यात घोळवा, आफ्रिकेत याच जातकुळीतले उंदीर त्यांचं खाणं आहे आणि तो वास लागला की कित्येक पिल्लं एकदम झडप घालतात. कोंबडीच्या पिल्लाची पिसं चोळूनही फायदा होतो, लहान बॉल पायथन जंगलात पक्षीही खातात.

हे सगळं करून अजून दोनेक आठवडे गेले आणि वजन घसरत राहिलं तर असिस्ट फीडिंग, म्हणजे तोंड हलकेच उघडून अगदी लहान शिकारीचं डोकं दातांत अडकवायचं आणि पिल्लू खाली ठेवून पुतळ्यासारखं स्थिर राहायचं, बाकीचं ते स्वतः गिळतं. घशात ढकलून भरवणं वेगळं, ते एकट्याने करू नका, पहिल्यांदा डॉक्टरकडून बघून घ्या.

एक पोटतिडकीने सांगते, त्या दोघांपैकी एखादं डोकं गोल गोल फिरवतं का, शिकारीवर झडप घालताना नेम चुकतो का? आईबापांत स्पायडर मॉर्फ (मॉर्फ म्हणजे रंग-नक्षीचा खास प्रकार) असेल तर हा त्या जीनचाच दोष आहे, त्याला वॉबल म्हणतात, औषध नाही. नक्षी सुंदर आहे म्हणून लोक अजून या जीनचं ब्रीडिंग करतात, मला ते पटत नाही. बिनदोष सुंदर रंग ढिगाने आहेत, ते घ्या.

प्रश्न: पुण्यात मित्राने मला बॉल पायथनची जोडी देऊ केलीय. पिल्लं काढून विकता येतील का? लायसन्स लागतं का?

उत्तर: कागद बघितल्याशिवाय हात लावू नका. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांना नोंदणी करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ऑनलाइन होते. नुसती एकदा नोंदणी करून संपत नाही, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली, प्रत्येक वेळी कळवावं लागतं. मित्राकडे नोंद नसेल तर तो साप तुमच्याकडे आल्यावर तुमचीही अडचण होणार. आधी वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा.

विकण्याचं म्हणाल तर हिशोब वेगळाच आहे. हा साप वीस-तीस वर्षं जगतो. एका वेळी सरासरी सहा पिल्लं धरा. प्रत्येकासाठी पुढची वीस वर्षं उंदीर, हीटिंग आणि डॉक्टर करणारा माणूस तुमच्याकडे आत्ता आहे का? नसेल तर जोडी लावू नका, एकटा नर पाळा, तोही तितकाच आनंद देतो. आणि पाळलात तर हाताळून झाल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात, सापाची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात द्यायचा नाही, साल्मोनेला हे त्याचं कारण.

प्रश्न: आमच्या बागेत, सावंतवाडीजवळ, कुंपणाच्या दगडांखाली मोठी अजगरीण अंड्यांवर बसलीय. गडी घाबरलेत. मुलगा म्हणतो अंडी काढून थर्माकोलच्या बॉक्समध्ये बल्ब लावून उबवू आणि पिल्लं जंगलात सोडू. चालेल का?

उत्तर: मुलाची भावना चांगली आहे, पण नाही चालणार. आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या रांगेत. अंडी उचलणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, वनविभागाची माणसं किंवा त्यांच्याबरोबर सर्पमित्र येतील. आई पळून गेली किंवा जागा धोक्याची असली तर अंडी हलवायचा निर्णय त्यांनी घ्यायचा, तशी उबवून पिल्लं सोडलेलीही आहेत, पण ते काम त्यांचं.

आणि खरं सांगायचं तर तिच्याइतका चांगला इन्क्युबेटर तुमचा बॉक्स होणारच नाही. बॉल पायथन नुसती वेटोळं घालून बसते, आपली अजगरीण त्याच्या पुढे जाते, गारवा वाढला की अंगाचे स्नायू एका लयीत आकसून घेते, लांबून बघितलं तर उचकी लागल्यासारखं दिसतं, आणि त्यातून तयार झालेली उष्णता अंड्यांना देते. थंड रक्ताचा म्हणतो तो प्राणी स्वतःचं अंग तापवतो! पॅरिसमध्ये १८४१ साली एका अजगरिणीवर हे मोजून झालंय, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या ब्रह्मदेशी अजगरिणीवर पुन्हा सिद्ध झालं. जवळपास दोन महिने ती न खाता बसते. तिला उठवलं, सारखं कोणी जवळ गेलं, तर ती अंडी सोडून जाऊ शकते आणि मग सगळंच जातं.

गड्यांना सांगा, तिला विष नाही आणि ती पाठलाग करत येत नाही, पण जवळ हात घातला तर चावेल आणि तो चावा खोल असतो. वनविभागाने जागेवरच राहू द्या म्हटलं तर दहा-पंधरा फुटांवरून दोरी बांधून रस्ता वळवा. पिल्लं साधारण पाऊस सुरू व्हायच्या सुमारास निघतात, दीड-दोन फुटांची, आणि आई त्यांना सांभाळत नाही, ती एकेक करून आपली आपण निघून जातात. तोपर्यंत त्या कुंपणाकडचा पालापाचोळा जाळू नका, दगड हलवू नका आणि कुत्री असतील तर रात्री बांधून ठेवा.